पद्मिनीच्या फ्लोअरला गंज: कोणतं कोटिंग, हा प्रश्न सर्वांत शेवटी

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात. पुण्यात कोथरूडच्या एका सोसायटीत उघड्या पार्किंगमध्ये वडिलांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी उभी असते, महिन्यातून एक-दोनदा बाहेर निघते. पावसाळ्यात गाडीत कुबट वास यायला लागला म्हणून ड्रायव्हरच्या पायाखालची रबरी मॅट उचलली, तर खाली ओलं गोणपाट आणि त्याखाली तपकिरी पापुद्रे. ओळखीचा गॅरेजवाला म्हणतो, ‘खालून प्रेशर वॉश मारू, वर काळं कोटिंग मारू, मग दहा वर्षं बघायला नको.’ तर कोटिंग कोणतं घ्यावं: डांबराचं, रबराचं की इपॉक्सीचं?

मी जुन्या गाड्यांच्या पत्र्याचं काम करतो, बहुतेक फियाट आणि अँबेसेडर. त्या अनुभवावरून सांगतो की या तिन्हींतलं कुठलंही कोटिंग आत्ता मारलंत तर गाडीचं नुकसानच होईल. गोणपाट वरून ओलं आहे. म्हणजे पाणी खालून उडून येत नाहीये, ते गाडीच्या आत पडतंय आणि फ्लोअरवर साचून राहतंय. अशा वेळी खालून जाड थर दिला की छोट्या भोकांतून, उघड्या सांध्यांतून जे थोडंफार पाणी निघून जात होतं तेही अडतं. पत्रा वरून खाली कुजत जातो आणि खालून बघणाऱ्याला छान काळा, गुळगुळीत फ्लोअर दिसतो. एक दिवस सीटचा बोल्ट आवळायला जावं तर बोल्टासकट पत्राच हातात येतो.

त्यामुळे पाणी कुठून येतंय, धड पत्रा किती उरलाय, आणि मग तो कसा झाकायचा, असं ओळीने जाऊ. शेवटचा भाग सर्वांत सोपा आहे, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात.

गाडी न बघता काही गोष्टी मला ठरवता येणार नाहीत. गंज वरवरचा आहे की आरपार, फक्त पायाखाली आहे की दाराखालच्या सिलपर्यंत गेलाय, तुम्हाला गाडी रोज चालवायची आहे की जपून ठेवायची, यावर काम चार दिवसांचं की दोन महिन्यांचं ते ठरतं. आणखी एक गोष्ट गाडीच्या जातीवर अवलंबून आहे. पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट ११००, आणि १९५३ सालच्या ११००/१०३ पासून त्या गाडीला वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी. अँबेसेडरचंही तसंच. स्टँडर्ड हेराल्ड किंवा जुनी जीप असती तर खाली स्वतंत्र फ्रेम असते, फ्लोअर बराचसा पाय ठेवायचा पत्रा असतो आणि चूक थोडीफार खपते. पद्मिनीत फ्लोअर, सिल आणि आडवे मेंबर (फ्लोअरखालच्या आडव्या तुळया) मिळून गाडीचा भार उचलतात. म्हणून तुमच्या गाडीत गंज कुठे आहे हे तो किती आहे यापेक्षा महत्त्वाचं.

पाणी शोधायला दोन माणसं, एक टॉर्च आणि बागेचा साधा पाइप पुरतो. समोरच्या सीट काढा, गोणपाट उपसून फेकून द्या (ते धुऊन वाळवून परत घालायचा मोह होईल, नको), आणि उघड्या फ्लोअरवर कोरडं वर्तमानपत्र पसरा. एक जण आत बसेल, दुसरा बाहेरून पाणी सोडेल. जोर लावायचा नाही, पावसासारखं वाहू द्यायचं, आणि खालून वर जायचं: आधी चाकाची कमान, मग दाराचा खालचा भाग, मग दाराची काच, सगळ्यात शेवटी समोरची काच. प्रत्येक ठिकाणी पाच-दहा मिनिटं थांबा. वरून सुरुवात केलीत तर ओघळ सगळीकडे पसरतात आणि नेमकी जागा कधीच कळत नाही. प्रेशर वॉश तर आत्ता अजिबात नको. तो पाणी सांध्यांच्या आत ढकलतो, आणि एकदा आत गेलेलं पाणी वाळायला फार वेळ घेतं.

माझ्याकडे येणाऱ्या फियाटांत बहुतेक वेळा गुन्हेगार समोरच्या काचेचं रबर असतं. पुण्याच्या उन्हात उघड्यावर उभी राहिलेली गाडी असेल तर रबर लाकडासारखं कडक होतं, आकसतं, कोपऱ्यात बॉडीपासून सुटतं. पाणी रबर आणि बॉडी यांच्यामधून शिरतं, डॅशबोर्डच्या मागून उतरतं आणि बरोबर पायाशी पडतं. बघणाऱ्याला वाटतं फ्लोअरला भोक आहे. नवं रबर नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत विचारा, पण बसवण्याआधी काच काढून खालची पत्र्याची कड बघा. ती गंजून ओबडधोबड झाली असेल तर नवं रबरही बसणार नाही.

दुसरी जागा दार. दाराच्या काचेवरून पाणी दाराच्या पोटात जाणं ठरलेलंच आहे, ते तळाच्या छोट्या भोकांतून बाहेर पडतं. भोकं मातीने बुजली आणि आतल्या ट्रिममागचा प्लॅस्टिकचा पडदा फाटला की तेच पाणी केबिनमध्ये येतं. एक खिळा घेऊन भोकं मोकळी करा. फुकटचं काम आहे. तिसरी जागा पुढच्या मडगार्डच्या मागे, दाराच्या खांबाजवळ. तिथे चाकाने उडवलेला चिखल साठतो, तो वर्षभर ओलसर राहतो आणि पत्रा आतून खातो. बोटं घालून बघा, मूठभर माती निघाली तर आश्चर्य नको. शिवाय वायरिंग, स्पीडोमीटरची केबल वगैरे ज्या भोकांतून आत येतात त्यांचे रबरी बूचही बघा.

एवढ्यात एक अपवाद. पेडलजवळचा ओलावा बोटाला बुळबुळीत लागत असेल आणि तिथला रंग फुगून सुटला असेल, तर ते पाणी नाही, ब्रेक ऑइल आहे. ते रंग विरघळवतं आणि हवेतला ओलावाही ओढून घेतं. तसं असेल तर फ्लोअरचं नंतर बघू, आधी ब्रेकचं काम करून घ्या.

गाडी कधी पुराच्या पाण्यात उभी होती का, हेही आठवून बघा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा अरण्येश्वर, सहकारनगर भागात कितीतरी गाड्या बुडाल्या. त्यांतल्या जुन्या गाड्या बाहेरून धुऊन पुसून चकाचक झाल्या, पण सिलच्या आत बसलेला गाळ कुणी काढला नाही. असा इतिहास असेल तर सिलची तळाची भोकं उघडून आतून पाणी सोडा आणि काय रंगाचं बाहेर पडतं ते बघा.

आता पत्रा. पाणी थांबलं, गाडी कडक उन्हात काही दिवस दारं उघडी ठेवून वाळवली, की फ्लोअर पूर्ण उघडा करा. आवाज कमी व्हावा म्हणून फ्लोअरवर डांबराच्या चकत्या किंवा थर असतो. तो जिथे घट्ट आहे तिथे ठेवावा का, याबद्दल आमच्यातच दोन मतं आहेत. माझं मत: ओल्या जागेच्या आसपास सगळा काढा, बाकी ठिकाणी कडा उचलून बघा आणि टकटक करून बघा. पोकळ आवाज आला तर तोही काढा. हीट गनने कोमट करून बोथट पटाशीने खरवडला की पट्ट्यांनी निघतो. फार तापवला तर चिकट खळ होतो आणि वैताग येतो. कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) मिळत असेल तर त्याहून सोपं: थरावर पसरायचा, डांबर कडक झालं की रबरी हातोडीने ठोकायचं, काचेसारखं तडकून निघतं. मात्र दारं सताड उघडी ठेवा. त्यातून निघणारा वायू हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, आणि गाडीत वाकून काम करणाऱ्याचं नाक नेमकं तिथेच असतं. उरलेला चिकटपणा टर्पेंटाइनने पुसा.

खालच्या बाजूलाही काहीतरी फासलेलं सापडेल. आपल्याकडे पावसाळ्याआधी गाडीखाली जळकं ऑइल मारायची पद्धत होती, अजूनही काही जण मारतात. त्याने गंज थोडा लांबतो हे खरं, पण ते रबरी बुश फुगवतं, धूळ धरतं, आणि त्यावर पुढे कुठलाच रंग धरत नाही. तुमच्या वडिलांनी मारलं असेल तर राग धरू नका, फक्त ते डिग्रीझरने पूर्ण निघाल्याशिवाय पुढे जाऊ नका. गाडीखाली काम करताना गाडी स्टँडवर हवी, नुसत्या जॅकवर कधीच नाही. आणि जुनी ब्रेकची धूळ किंवा जुना थर कोरडा घासू नका, त्या काळच्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओलं करून खरवडा, मास्क लावा.

मग हातात छोटी हातोडी आणि टोच्या घ्या. चांगला पत्रा खणखणतो, गंजलेला भद्द वाजतो. संशय आला तिथे टोच्या जोराने दाबा. आत्ता भोक पडलं तर बरंच झालं, ते नंतर रस्त्यावर पडणार होतं. रात्री गाडीखाली दिवा ठेवून आतून बघितलं की सुईएवढी भोकंही चमकतात. सगळ्या जागा खडूने मार्क करा आणि फोटो काढा. जुनी पुट्टी कुठे भरलीय ते कळायला लोहचुंबक फिरवा, जिथे धरत नाही तिथे आधीच कुणीतरी काहीतरी लपवलंय.

जे दिसेल त्याचे तीन प्रकार धरा. नुसता तपकिरी रंग, घासला की खाली चकचकीत पत्रा: चिंता नाही. खड्डे पडलेत पण टोच्या आत जात नाही: सपाट भागात असेल तर स्वच्छ करून वाचवता येतो. भोकं किंवा पापुद्रे: कापून नवा पत्रा. पण हेच खड्डे सीटच्या बोल्टाजवळ, आडव्या मेंबरवर, सिलच्या जोडावर किंवा जॅक लावायच्या जागी असतील तर मी त्यांना तिसऱ्या प्रकारात टाकतो. तिथे ‘चालेल’ हा शब्द मला चालत नाही.

कापायची वेळ आली तर काही गोष्टींवर अडून बसा. पत्रा १८ ते २० गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) शीट हवा. गॅल्व्हनाइज्ड पत्रा नको, वेल्डिंग करताना त्यातल्या जस्ताचा धूर कारागिराला ताप आणतो. गंजलेला भाग खणखणीत पत्रा लागेपर्यंत कापायचा. गंजाच्या वरच नवा तुकडा ठेवून कडेने वेल्डिंग करणं हा गॅरेजवाल्यांचा आवडता शॉर्टकट आहे. दोन पत्र्यांच्या मधे जुना गंज आणि ओलावा कायमचा कोंडला जातो, दोन-तीन पावसाळ्यांत नवा तुकडाही जातो. वेल्डिंग सीओटूचं (मिग) करून घ्या, आणि तेही छोटे छोटे टाके, एकदा इथे, एकदा पलीकडे, मधे गार होऊ देऊन. जुने डेंटर गॅसच्या ज्योतीवर सुंदर काम करतात, पण मोठ्या सपाट पत्र्यावर गॅसची उष्णता पसरते आणि फ्लोअर पापडासारखा लाटा धरतो. सिल कापायचा असेल तर आधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाकून आधार द्या, नाहीतर नंतर दार बसत नाही. बॅटरी सोडवलेली, पेट्रोलची टाकी गाडीतून बाहेर, जवळपासचं वायरिंग बाजूला, खालचं डांबर खरवडलेलं आणि शेजारी आग विझवायचं सिलिंडर. टाकी ‘रिकामी आहे’ म्हणून आत ठेवली तर ती जास्त धोकादायक, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ भरलेली असते.

फायबरची चटई आणि इपॉक्सीचा लगदा लावून भोक बुजवावं का, हे पुढे तुम्ही विचारणारच. नळाची गळती थांबवायला ठीक आहे. फ्लोअर मात्र गाडी चालताना लवतो, कडक ठिगळ कडेला सुटतं आणि त्या फटीतून पाणी आत ओढलं जातं.

गंज काढताना लक्षात ठेवायचं की ग्राइंडरवरचा तारेचा ब्रश खड्ड्यांतला गंज काढत नाही, तो त्याला पॉलिश करतो. चमकदार काळा ठिपका दिसला म्हणजे गंज तिथेच आहे. आधी स्ट्रिपिंग डिस्क, मग कोपऱ्यात खरकागद. भोसरी एमआयडीसीत सँडब्लास्टिंग करून मिळतं, पण सपाट पातळ पत्र्यावर जोराचा ब्लास्ट पत्रा ताणून वाकवतो, त्यामुळे ते कोपऱ्यांपुरतं आणि कमी दाबाने. खड्ड्यांत जे उरेल त्यावर फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं रस्ट कन्व्हर्टर. ते गंजाचं लोह फॉस्फेट करतं, पण पापुद्र्यांवर ओतून काही होत नाही, ते फक्त वरच्या थरापर्यंत पोचतं. नंतर डब्यावर लिहिल्याप्रमाणे उरलेलं अ‍ॅसिड काढून टाका आणि पूर्ण वाळवा. त्यावर येणारं इपॉक्सी प्रायमर अ‍ॅसिडच्या अवशेषावर नीट कडक होत नाही. त्याच कारणाने एच (etch, अ‍ॅसिड असलेल्या) प्रायमरवर इपॉक्सी मारू नका, दोन्हींतलं एक निवडा. मी इपॉक्सी निवडतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. स्वच्छ पत्र्यावर दोन भागांचं इपॉक्सी प्रायमर, आत आणि खाली दोन्हीकडे, दोन हात. प्रायमर सुकल्यावर सगळ्या सांध्यांवर आणि वेल्डिंगच्या रेघांवर पॉलियुरेथेनचं सीम सीलर, बोटाने दाबून आत बसवलेलं. सीलर उघड्या पत्र्यावर लावायचं नाही, प्रायमरवरच. हार्डवेअरच्या दुकानातलं साधं सिलिकॉन तर अजिबात नाही: व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सोडतं, ते पत्र्याला गंजवतं, आणि त्यावर रंगही धरत नाही. सीलर वाळलं की रंगाचे दोन हात. मी खालून फिका राखाडी रंग देतो, बॉडीचा रंगही चालेल. काळा टाळतो, कारण फिक्या रंगावर नवा गंज उमटला की पुढच्या सर्व्हिसिंगला लगेच दिसतो. दगड आपटतात त्या चाकांच्या कमानींत तेवढं रबराचं कोटिंग मारा, बाकी फ्लोअरवर नको. डांबराचं कुठेच नको: ते काही वर्षांत कडक होऊन तडकतं, तड्यातून पाणी मागे शिरतं आणि वरचा थर त्याला बाहेर पडू देत नाही. शेवटी सिल आणि मेंबर यांच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स, लांब नळीने. वॅक्स वेल्डिंग आणि रंग यांच्या आधी गेलं तर सगळं बिघडतं.

थोडक्यात क्रम: पाणी बंद, वाळवणं, उघडं करणं, कापणं-जोडणं, गंज काढणं, इपॉक्सी, सीलर, रंग, वॅक्स. मधली एक पायरी गाळून पुढची दुप्पट मारली तर ती भरून निघत नाही.

सील करताना एक उलटी चूकही होते. उत्साहाच्या भरात फ्लोअरची आणि सिलची सगळीच भोकं बुजवली जातात. फ्लोअरच्या भोकांना रबरी बूच हवेत, पण सिलच्या तळाची आणि दाराच्या तळाची भोकं उघडीच राहायला हवीत. सीलर आणि वॅक्सनंतर त्यांतून तार घालून खात्री करा.

हे काम पुण्यात फेब्रुवारी ते मे या काळात करा. ऑक्टोबरचं ऊनही चालतं. जून ते सप्टेंबरमध्ये नको: सकाळी थंड पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारं दव असतं आणि इपॉक्सीखाली तेच कोंडलं जातं. डिसेंबर-जानेवारीत करायचंच झालं तर दुपारी, पत्रा हाताला कोमट लागल्यावर, कारण थंडीत इपॉक्सी फार हळू कडक होतं. उघडा केलेला पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे. रात्रभर उघडा ठेवला तर सकाळी केशरी झाक दिसते आणि घासणं पुन्हा.

आतून परत गोणपाट घालू नका. पाणी न शोषणारा, बंद छिद्रांचा फोम आणि वर सुटी मॅट, चिकटवलेली नाही, म्हणजे पावसाळ्यात महिन्यातून एकदा उचलून हात फिरवता येईल. प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर तेही बदला, आतली वाफ बाहेर जात नाही अशा कव्हरखाली गाडी उघड्यापेक्षा जास्त गंजते.

कागदाचीही एक गोष्ट. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम आणले. त्यात गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा अशी अट आहे. तुमची पद्मिनी २०३४ मध्ये ५० वर्षांची होईल. तोवर गाडी ठेवायचा विचार असेल तर जुन्या पत्र्याचा आकार, खाचा, बोल्टांच्या जागा होत्या तशाच करून घ्या, आधीचे-नंतरचे फोटो जपा, आणि चासी नंबरचा ठसा कुठे आहे ते शोधून त्यावर आधीच टेप लावा. ग्राइंडर घेतलेल्या पोऱ्याला ते सांगायला कुणी थांबत नाही.

गॅरेजवाल्याकडे परत जाल तेव्हा दर विचारण्याआधी हे विचारा: कोटिंगआधी फ्लोअर आतून उघडा करणार का, गंजलेला पत्रा कापणार की त्यावर ठिगळ, आणि प्रायमर मारल्यावर, सीलरच्या आधी, मला बघायला बोलावणार का. तिसऱ्याला ‘कशाला येता, फोटो पाठवतो’ असं उत्तर आलं तर गाडी घेऊन घरी या.